पारोसा कोण?

‘पारोसा’ या मराठी शब्दाला इंग्रजीत चपखल प्रतिशब्द नाही. ‘न धुतलेला’ असे भाषांतर करता येईल, पण त्याने काम भागत नाही. काल रात्री झोपण्यापूर्वी साबण लावून आंघोळ केलेला माणूस सकाळी उठला की पुन्हा पारोसाच असतो. त्याच्या अंगावर मळाचा कण नसला तरी पारोशाने देवाला शिवायचे नाही, लोणच्याच्या बरणीत हात घालायचा नाही, सोवळ्यात असलेल्या आजीच्या अंगाला लागायचे नाही. उलट थंडीच्या दिवसांत घाईघाईने दोन तांबे अंगावर ओतून, अर्धी पाठ कोरडी ठेवून बाहेर आलेला मुलगा पारोसा राहत नाही. मळाशी या शब्दाचे नाते थोडे, काळाशी आणि दर्जाशी जास्त. रात्र उलटली की तो लागू होतो आणि पाणी अंगावरून गेले की सुटतो.

घराघरांतून नरकचतुर्दशीला पहाटेचा अभ्यंग होतो, पायाखाली कारीट फुटते, आणि सूर्य उगवल्यावर न्हाणारा नरकात जातो असे मुलांना अजूनही सांगितले जाते. तेव्हा आंघोळीबद्दलचा आपला एक समज दिवाळीच्या निमित्ताने तपासून पाहायला हरकत नाही. आपला देश उष्ण, घाम फार, म्हणून आपण रोज न्हातो. युरोप थंड, म्हणून तिकडचे लोक आठवड्याने न्हात, अशी सरळ मांडणी आपण करतो. हवामानाचा आंघोळीशी संबंध आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहास चाळू लागले की ही मांडणी जागोजाग फाटते. त्याच थंड देशात एका शतकात लोक रोज न्हातात आणि पुढच्या दोन शतकांत पाण्याला घाबरतात. ऊन काही तेवढ्यात बदललेले नसते.

पहिला दाखला उत्तरेकडच्या लोकांचा. इ. स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फदलान नावाचा माणूस व्होल्गा नदीच्या काठी पोचला. तिथे त्याला व्यापारासाठी आलेले ‘रूस’, म्हणजे मूळचे स्कँडिनेव्हियातले लोक भेटले. त्यांच्या धिप्पाड देहांचे त्याने कौतुक केले, आणि त्यांच्याइतके घाणेरडे लोक देवाने निर्माण केले नाहीत असेही लिहून ठेवले. खरे तर ते रोज सकाळी तोंड आणि डोके धूत. पण एकाच घंगाळातल्या पाण्यात एकामागून एक सगळे तोंड धूत, त्यातच शिंकरत आणि थुंकत. वाहत्या पाण्याने हातपाय धुण्याची सवय असलेल्या मुसलमानाला हे पाहून शिसारी आली.

आता याच लोकांच्या भाईबंदांचे दुसरे वर्णन पाहा. इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिलेल्या डेन लोकांविषयी जॉन ऑफ वॉलिंगफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेराव्या शतकातल्या बखरीत तक्रार आहे. हे लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, वरचेवर कपडे बदलतात आणि असल्या छचोरपणाने चांगल्या घरच्या बायकांना नादी लावतात, अशी ती तक्रार. ओंगळपणाबद्दल नव्हे, तर अति स्वच्छतेबद्दल! आजही स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन आणि आइसलँडी भाषांत शनिवारच्या नावाचा मूळ अर्थ ‘धुण्याचा वार’ असाच आहे. एकाच कुळातले लोक बगदादच्या माणसाला गलिच्छ वाटले आणि इंग्लंडच्या माणसाला नखरेल. पारोसा कोण, हे अंगावरच्या मळापेक्षा पाहणाऱ्यावर अवलंबून होते.

रोमन लोकांचे स्नान प्रसिद्ध आहे. पण तेही पहिल्यापासून रोज न्हात नव्हते. सेनेकाने पहिल्या शतकात एका पत्रात, हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओच्या जुन्या घरातल्या लहानशा, अंधाऱ्या न्हाणीघराचे वर्णन केले आहे. स्किपिओच्या काळचे लोक रोज फक्त हातपाय धूत, सर्वांगाला पाणी लागे ते आठवडी बाजाराच्या दिवशी. सेनेकाच्या काळातल्या शौकिनांनी अशा माणसाला नाक मुरडले असते आणि सेनेकाचा रोष नेमका त्यांच्यावर आहे. दोनअडीचशे वर्षांत रोमचे हवामान बदलले नाही. बदलले ते हे की डोंगरातून दगडी पाटांनी शहरात पाणी आले, आणि जिंकलेल्या मुलखातून गुलाम आले. इ. स. २१६ मध्ये खुली झालेली काराकाल्लाची स्नानगृहे आजही भग्नावस्थेत पाहायला मिळतात. संगमरवर, पुतळे, ग्रंथालये, सगळा थाट. प्रवेशाचे मोल नाममात्र. या थाटाच्या खाली जमिनीत बोगदे होते, आणि त्या बोगद्यांत दिवसरात्र भट्ट्यांत लाकडे सारणारे गुलाम होते. वर गरम फरशीवर गप्पा मारत बसलेल्या नागरिकाला तो धूर दिसत नसे. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि पाण्याचे पाट तोडले. स्नानगृहे बंद पडली. रोमन माणसाची स्वच्छतेची आवड एका रात्रीत आटली असे कोणी म्हणणार नाही. आटले ते पाणी.

त्यानंतर युरोप हजार वर्षे न्हालाच नाही, अशी एक ठाशीव समजूत आहे. ती चूक आहे. पॅरिस शहराच्या १२९२ च्या करपट्टीत २६ सार्वजनिक स्नानगृहांची नोंद सापडते. पाणी तापले की तिथला पोऱ्या रस्त्यात ओरडून वर्दी देई. लोक लाकडी टबांत बसून न्हात, तिथेच खातपीत, आणि पुष्कळदा स्त्रीपुरुष एकाच टबात असत. धर्मगुरूंच्या कपाळाला आठ्या पडत, तरी धंदा तीनशे वर्षे चालला. तो बसला तो वेगवेगळ्या कारणांनी. १३४८ च्या महामारीनंतर वैद्यमंडळींचा असा ग्रह होत गेला की गरम पाण्याने कातडीची रंध्रे उघडतात आणि रोगट हवा त्यांतून आत शिरते. पंधराव्या शतकाच्या शेवटी उपदंशाची साथ आली आणि स्नानगृहांतला चावटपणा जीवघेणा ठरला. पंचवीस वर्षांपूर्वी ब्राबांत प्रांतात स्नानगृहांइतके लोकप्रिय काही नव्हते, आता ती ओस पडली आहेत, असे इरॅस्मसने १५२० च्या दशकात लिहिले. लंडनची बदनाम ‘स्ट्यूज’ आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये बंद करवली. आणखी एक कारण सहसा सांगितले जात नाही, ते म्हणजे सरपण महागले. जंगले मागे हटली, शहरे वाढली. शंभर टब पाणी तापवण्याइतकी लाकडे परवडेनाशी झाली.

त्यानंतरची दोनशे वर्षे फार चमत्कारिक आहेत. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने आपला मंत्री स्युली याला बोलावणे धाडले, तेव्हा स्युली घरी आंघोळ करत होता. निरोप्याला ते पाहून धक्का बसला. राजाला कळल्यावर त्याने वैद्यांचा सल्ला घेतला आणि उलट निरोप धाडला की तू बाहेर पडू नकोस, जिवाला अपाय होईल. मीच तुझ्याकडे येतो. आंघोळ केलेल्या माणसाची एवढी काळजी आपण बाळंतिणीचीही घेत नाही!

चौदावा लुई आयुष्यात दोनदाच न्हाला ही ऐकीव गोष्ट मात्र सोडून द्यावी. व्हर्सायच्या राजवाड्यात त्याने संगमरवरी न्हाणीघर बांधले होते. पण त्या काळात स्वच्छतेचा अर्थ पाणी असा नव्हताच. स्वच्छ म्हणजे पांढरेशुभ्र तागाचे कापड. ताग घाम आणि मळ शोषून घेतो, सदरा बदलला की अंग धुतल्यासारखेच, असे त्या वेळी मानत. प्राचीन रोमनांना ताग परवडत नव्हता म्हणून बिचाऱ्यांना न्हावे लागे, असा युक्तिवाद फ्रेंच विद्वानांनी गंभीरपणे केला आहे. गळ्याशी आणि मनगटाशी पांढरी झालर दिसली पाहिजे. आतल्या अंगाची चौकशी नाही. आपल्याला हे हास्यास्पद वाटते. पण दिवसातून तीनदा सदरा बदलणाऱ्याला किती सदरे लागत आणि ते कोण धुई, हा प्रश्न विचारला की हसू मावळते. गावोगावच्या धुणाऱ्या बायका कडाक्याच्या थंडीत नदीकाठी गुडघे टेकून, राखेच्या पाण्यात भिजवलेले कपडे बडवत. सरदाराच्या वाट्याचे पाणी त्या अंगावर घेत होत्या.

त्याच काळात आंघोळ हा पुरावाही झाला होता. स्पेनमध्ये मुसलमानांचे राज्य संपल्यावर बाटवलेल्या मोरिस्को लोकांनी जुने हमाम सोडले नव्हते. शुक्रवारी न्हाणारा, जेवणापूर्वी काळजीने हात धुणारा माणूस मनातून मुसलमानच असला पाहिजे, असा संशय धर्मन्यायालयाला येई. दुसऱ्या फिलिपने १५६७ मध्ये फर्मान काढून ग्रानाडाच्या मुलखातले हमाम, अरबी भाषा आणि पेहराव यांवर बंदी घातली; पुढच्याच वर्षी तिथे बंड पेटले. ही वृत्ती समुद्र ओलांडून आपल्या दारातही आली होती. गोव्यातल्या धर्मन्यायालयाच्या १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती लोकांना मना केलेल्या चालींची लांबलचक यादी आहे. लग्नापूर्वी नवरानवरीला हळद, तेल, नारळाचे दूध चोळण्याची चालही तीत येते. मळ काढण्याच्या रीतीवरून माणसाचा धर्म ओळखायचा हा प्रकार होता. गंमत अशी की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ आजही होतो. नवरीच्या डोक्यावर नारळाचे दूध आजही ओतले जाते. ते धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

सरपणाचा मुद्दा वर ओझरता आला. तो नीट समजायचा तर जपानकडे वळावे लागते. जपानची हवा काही आपल्यासारखी नाही. हिवाळा चांगला बोचरा. तरी रोज, आणि अगदी सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बसून न्हाणे हा तिथला शिरस्ता. लाकडे तर त्यांनाही महागच होती. त्यांनी तोड काढली ती अशी की अंगाचा मळ हौदाबाहेर बसून, लहान बादलीने पाणी घेऊन आधीच धुवायचा आणि मग स्वच्छ अंगाने गरम पाण्यात उतरायचे. पाणी मळत नाही, म्हणून ते टाकत नाहीत. एकाच हौदात सगळे घर न्हाते. व्होल्गाकाठचे घंगाळ आणि जपानी हौद यांत पाणी दोन्हीकडे सामाईकच, पण मधे एका बादलीचा फरक. मात्र क्रम ठरलेला असे. पाहुणा आधी, मग घरचा कर्ता, मग मुलगे. सून सर्वांत शेवटी, पाणी कोमट झाल्यावर. बंब पेटवायला सगळ्यांच्या आधी उठणारी आणि न्हाणीघरात सगळ्यांच्या शेवटी जाणारी सून आपल्याला वेगळी ओळख करून द्यायला नको.

एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी घरांना आग लागण्याचे भय एवढे, की बऱ्यापैकी सुखवस्तू माणसेही घरी पाणी न तापवता ‘सेन्तो’ या सार्वजनिक स्नानगृहात जात. स्त्रीपुरुष एकत्र न्हात. सरकारने १७९१ मध्ये त्याला बंदी केली, ती फारशी कोणी पाळली नाही. १८५४ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी गलबते घेऊन आला, तेव्हा शिमोदा गावच्या सेन्तोत असे एकत्र स्नान पाहून त्याच्या मंडळींना जपानी लोकांच्या नीतीची चिंता वाटू लागली. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक घरांत नळ नव्हता आणि न्हाणीघरही नव्हते. मोहिमेच्या अधिकृत वृत्तांतात त्या स्नानगृहाचे चित्र छापले गेले, आणि ओरड झाल्यावर पुढच्या प्रतींतून काढले गेले. रोज न्हाणारे लोक असंस्कृत आणि शनिवारी न्हाणारे सुसंस्कृत, असा तो निवाडा होता. १९६८ च्या सुमारास जपानात जवळजवळ १८,००० सेन्तो होते. आता दोन हजारही उरलेले नाहीत. घरोघर न्हाणीघरे आली आणि शेजाऱ्याची पाठ चोळून देणे संपले.

थंडी हीच अडचण असती, तर फिनलंडच्या माणसाने कधीच आंघोळ केली नसती. तिथे तर साधारण ५५ लाख लोकवस्तीत तीसेक लाख सौना आहेत असे मानतात. पूर्वी बायका बाळंत होत त्या सौनात आणि मेलेल्या माणसाला शेवटचे धूत तेही सौनात, कारण घरातली सर्वांत स्वच्छ आणि उबदार जागा तीच. जंगल दाराशी आहे, लाकूड मुबलक आहे. आइसलँडमध्ये तर लाकूडही नको. पृथ्वीच पाणी तापवून देते. आपल्या कोकणातल्या उन्हवऱ्यांवर किंवा वज्रेश्वरीला ज्याने पाय बुडवले असतील, त्याला फुकटच्या गरम पाण्याचे सुख ठाऊक आहे.

उलट नामिबियाच्या कोरड्या मुलखातल्या हिंबा बायका पाण्याने न्हातच नाहीत. लोणी आणि तांबडी गेरू यांचा लेप अंगाला लावतात, सुगंधी लाकडाच्या निखाऱ्यावर धुरी घेतात. पाणी माणसांना आणि जनावरांना प्यायलाच पुरत नाही, आणि ऊन तर आपल्यापेक्षा कडक. ‘उष्ण देश म्हणून रोज आंघोळ’ या सिद्धान्ताचे त्यांनी काय करावे? इस्लामने वाळवंटातली हीच अडचण ओळखून पाणी नसेल तिथे शुद्ध मातीवर हात टेकवून ‘तयम्मुम’ करण्याची मुभा दिली. घामाचा सिद्धान्त त्यातल्या त्यात शोभतो तो ब्राझीलला. तिथले तुपी लोक दिवसातून कित्येकदा नदीत उतरताना पाहून सोळाव्या शतकातले युरोपी प्रवासी थक्क झाले. पोर्तुगीज वसाहतवाल्यांना रोज न्हायला शिकवले ते या ‘रानटी’ लोकांनी, असे जिल्बेर्तु फ्रेरी या ब्राझिली समाजशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये ठासून लिहिले आहे.

आपल्याकडे आलेल्या इंग्रजांची गोष्टही फारशी वेगळी नाही. रोज अंगावर पाणी घेण्याची सवय त्यांच्यातल्या पुष्कळांना हिंदुस्थानात लागली. बंगल्यामागे न्हाणीघर, पाणी आणणारा भिस्ती किंवा पखाली, पाणी तापवणारा नोकर आणि टब ओतून टाकणारा आणखी एक नोकर. एवढी माणसे दिमतीला असली की रोजची आंघोळ कोणालाही आवडेल. ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चंपी’चाच भाऊ. तो तिकडे रुजवला पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन मुहम्मदने. कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला गेलेल्या या गृहस्थाने १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिले, लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढून बुडवली, आणि शेवटी ब्रायटनच्या समुद्रकिनारी बाष्पस्नान आणि मर्दन यांचे दुकान थाटले. गुडघेदुखीने बेजार झालेले उमराव तिथे रांगा लावत. चौथ्या जॉर्ज राजाने त्याला आपला खास ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले. ज्या कातडीची रंध्रे उघडायला युरोप दोनशे वर्षे भीत होता, ती पाटण्याच्या माणसाने पैसे घेऊन उघडून दिली.

हे उमरावांचे झाले. गिरणगावांत पाणी पोचायला कॉलरा यावा लागला. १८३२ च्या साथीत लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या कामकरी बाईने आपल्या घरातला पाणी उकळण्याचा हंडा गल्लीतल्या लोकांचे कपडे धुवायला खुला केला. तिच्या या उद्योगातूनच १८४२ मध्ये त्या शहरात सार्वजनिक धुणीघर आणि न्हाणीघर निघाले. १८४६ मध्ये तसा कायदा झाला. गार पाण्याची आंघोळ एक पेनी, गरम पाण्याची दोन. पण पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग तिथेही होतेच. गरिबांना ‘न न्हालेली गर्दी’ म्हणण्याची फॅशन इंग्रजी लेखनात याच सुमारास पडली. साबणावर मात्र सरकारचा कर होता, तो उठला १८५३ मध्ये. आधी पाणी आणि साबण हाताशी येऊ द्यायचे नाहीत आणि मग वास येतो म्हणून नाक धरायचे, ही तऱ्हा. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये खाणकामगारांवर लिहिताना यावर बोट ठेवले. खालच्या वर्गाच्या अंगाला वास येतो, हे मध्यमवर्गातल्या मुलांना लहानपणीच शिकवतात आणि वर्गभेदाचे खरे मूळ तिथे आहे, असे त्याचे म्हणणे. कोळशाने माखलेला नवरा घरी येई तेव्हा चुलीपुढच्या पत्र्याच्या टबासाठी पाणी आणून तापवणारी त्याची बायको असे.

ऑर्वेल वाचताना मराठी माणसाला महाड आठवावे. आपल्याकडे पारोसेपणापेक्षाही जड असा दर्जा होता आणि तो कितीही घंगाळे ओतली तरी सुटत नसे. अस्पृश्य म्हटलेला माणूस दिवसातून तीनदा न्हाला तरी अस्पृश्यच; आणि न्हायचे म्हटले तर पाणी कुठून आणायचे? विहीर सवर्णांची, तळे सवर्णांचे, नदीवरचा पाणवठाही खालच्या अंगाचा. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, याचे मोल या पाणवठ्यांच्या नकाशावर ठेवून पाहिले पाहिजे. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे सर्वांना मोकळे असल्याचे जाहीर केले. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांबरोबर त्या तळ्याकडे चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यावर सवर्णांनी आधी लाठ्या चालवल्या आणि नंतर तळ्याची शुद्धी केली. तळ्यातले पाणी काढून १०८ घागरी भरल्या, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही घातले आणि मंत्र म्हणत त्या पुन्हा तळ्यात ओतल्या. ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांमधले अंतर याहून उघड करून दाखवणारा प्रसंग मला ठाऊक नाही. एका समाजाच्या ओंजळीने विटाळलेल्या पाण्याला दुसऱ्या समाजाने आंघोळ घातली!

त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच आंबेडकरांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याविषयी, नेसण्याविषयी आवर्जून सांगितले. लुगडे फाटके असेल तर असू द्या, पण मळके नको, असा त्याचा आशय होता. काहींना यात वरच्या वर्गाची नक्कल दिसते. मला तसे वाटत नाही. ज्याच्या अंगावर शतकानुशतके ‘घाण’ असा शिक्का मारला, त्याने घागरभर पाणी मिळवून अंग धुणे ही नक्कल कशी? शिवाय तळ्यावरचा दावा तेव्हा कोर्टात चालूच होता. मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी.

साबणाच्या वडीचीही आपल्याकडे जात पाहिली गेली. १८८८ मध्ये ‘सनलाइट’च्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, मागोमाग ‘लाइफबॉय’ आला. पण विलायती साबणात जनावराची चरबी असते, या शंकेने सोवळ्या घरांत त्याला मज्जाव होता. स्वच्छ करणारी वस्तूच बाटवणारी! आर्देशीर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण बाजारात आणला, तेव्हा स्वदेशीबरोबर सोवळ्याचीही सोय झाली. तोवर डाळीचे पीठ, शिकेकाई, रिठे यांवर काम भागत होते, आणि खरे सांगायचे तर बरे भागत होते.

शेवटी घरातला बंब. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेले ते तांब्याचे सुरेख धूड आता दिवाणखान्यात शोभेला ठेवतात. त्याच्या पोटातल्या नळीत पहाटे पाचला ढलपे आणि गोवऱ्या सारणारी, धुराने डोळे चोळणारी, राख काढणारी आणि चिंच लावून बंब घासणारी बाई मात्र शोभेत येत नाही. आपल्या रोजच्या आंघोळीच्या अभिमानात तिचा हिशेब सहसा धरलेला नसतो. गीझर आल्यावर तिचे पहाटेचे दोन तास वाचले. हिंदुस्थानी स्वच्छतेवर लिहिणाऱ्या किती पुरुषांनी हे दोन तास मोजले असतील?

आता दुष्काळाने हे सगळे उलटेपालटे केले आहे. केप टाऊन शहराने २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली. शॉवर दीड मिनिटांत आटपा, असे सांगण्यात आले. तिथल्या प्रांतप्रमुख हेलन झिल यांनी आपण तीन दिवसांतून एकदा न्हातो असे जाहीर केले आणि दुष्काळात तेलकट केस हे धुळकट मोटारीइतकेच प्रतिष्ठेचे लक्षण मानावे, असे सुचवले. पारोसेपण भूषण झाले. त्याच शहराच्या कडेच्या झोपड्यांत सार्वजनिक नळावरून बादलीने पाणी आणणारे लोक आधीपासूनच त्याहून कमी पाण्यात राहत होते. त्यांच्या केसांना कोणी भूषण म्हटले नव्हते.

आपल्याकडे २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पारोसा कोण, असे कोणी कोणाला विचारले नसेल.

सरकारी कोष्टकात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरलेले असते. त्याची फोडही दिलेली आहे. पिण्याला ५, स्वयंपाकाला ५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर धुवायला १०, संडासाला ३० आणि आंघोळीला ५५. आता दुसरा आकडा पाहा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला पुरवायचे ठरलेले एकूण पाणी आहे दिवसाला ५५ लिटर. शहरातल्या माणसाच्या एका आंघोळीइतके. त्यातूनच पिणे, त्यातूनच आमटीभात, त्यातूनच धुणे आणि भांडी. त्यातले किती लिटर अंगावर घ्यायचे, आज कोणी न्हायचे आणि कोणी उद्यावर ढकलायचे, याची फोड कोष्टकात नाही. हंडा भरून आणणारी बाई ती रोज सकाळी करते, आणि बहुधा आपली पाळी उद्यावर ढकलते.